रक्तगटातली आडवी रेघ

३ नोव्हेंबर

निम्मा दिवस गेला आणि एकट्या भूम तालुक्यातल्या रक्तदात्यांची नावंसुद्धा आत गेली नाहीत!

सकाळी चहाच्या आधी सुरू केलं होतं. दुपारी जेवून आले तरी चालूच. माझा प्रोग्राम एक नाव उचलतो, कुठल्या तरी लांबच्या सर्व्हरकडे पाठवतो, पोचलं का विचारतो, पोचलं म्हटल्यावर पुढचं उचलतो. लग्नाच्या पंगतीत एकेक भात वाढणारा असावा तसं. मध्येच लाईट गेली. परत आली तेव्हा कुठपर्यंत पोचलो होतो ते कळेना. पुन्हा पहिल्यापासून चालवलं तर बरीच नावं दोनदा.

कृष्णराजदादांना आठवड्यात देते म्हणून बसले आहे. दादांचं भूमच्या एसटी स्टँडसमोर मेडिकल आहे, आणि रक्तदानाचं मंडळही तेच चालवतात. जिल्ह्यात कुठं शिबिर झालं की त्याची एक्सेल फाईल त्यांच्याकडे येते. कुणाला रक्त लागलं की दादा गिऱ्हाईक तसंच उभं ठेवून एकामागून एक फाईल उघडत बसतात. दिवाळीत म्हणाले, नंदिनी, तू पुण्यात कंपनीत हेच करत होतीस ना? सगळं एका जागी करून दे.

मी तिथं हे करत नव्हते. स्क्रीनवरची बटणं इकडची तिकडं करत होते. पण कंपनीनं घरी पाठवल्यापासून मला कुणी काही कर म्हटलेलंच नव्हतं. म्हणून हो म्हणाले.

५ नोव्हेंबर

आख्खी फाईल एका दमात आत ओढणारी एक आज्ञा (कमांड) आहे. आधीपासूनच आहे. मला माहीत नव्हती. पुण्यात दोन वर्षं काय केलं मी?

वाचत बसले. जितकं वाचावं तितका गोंधळ वाढतोय. टेबलाला (सर्व्हरवरच्या नावांच्या तक्त्याला) इंडेक्स असतो, म्हणजे नाव पटकन सापडावं म्हणून ठेवलेली अनुक्रमणिका. भरताना तो आधी काढून टाकायचा म्हणे, आणि सगळं भरून झालं की पुन्हा बांधायचा. नाहीतर दर नावाला ती अनुक्रमणिका नव्यानं लावत बसते. म्हणजे वेगासाठी ठेवलेली गोष्ट काढली की वेग येतो! शिवाय टेबलाला आपण ज्या अटी घातलेल्या असतात – हा रकाना रिकामा चालणार नाही, तो रकाना असाच पाहिजे – त्याही भरताना बाजूला ठेवल्या की आणखी लवकर होतं.

सगळं काढून ठेवलं. बरोबर केलं की नाही कळत नाही.

६ नोव्हेंबर

फायली उघडल्या आणि डोकं फिरलं.

काही फोन नंबरांच्या जागी एक्सेलनं ९.८ई+०९ करून ठेवलंय. जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली नावं तर नुसती चिन्हांची रांग दिसतात. त्यात माणूस आहे हे कळायलाच वेळ लागतो. आणि रक्तगट! एकच ओ पॉझिटिव्ह, कुणी इंग्रजीत, कुणी मराठीत, कुणी नुसती बेरजेची खूण. एका शिबिरात तर ओच्या जागी शून्य.

आण्णा दुकानातून जेवायला आले. (आण्णा म्हणजे वडील. त्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटर उघडून बघितली की कळतं काय झालंय. माझं उघडून बघता येत नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप.) स्क्रीनकडं बघून म्हणाले, ही सगळी माणसं आहेत व्हय? म्हटलं, हो. एवढं बोलून जेवायला बसले.

७ नोव्हेंबर

रक्तगटासाठी छोटी युक्ती केली. आधी अक्षर घ्यायचं. मग पुढं अधिकाची खूण दिसली तर पॉझिटिव्ह, वजाबाकीची दिसली तर निगेटिव्ह. खूण नसेल तरच शब्द वाचायचा. फायली आत जाण्याआधीच सगळं स्वच्छ. अवघ्या चार ओळींत झालं. स्वतःचं स्वतःलाच बरं वाटलं, पुष्कळ दिवसांनी.

८ नोव्हेंबर

झालं! सगळा जिल्हा आत!

बटण दाबलं, कप उचलला, खाली ठेवला – झालं होतं. मला वाटलं काहीतरी बिघडलं. एवढ्यात होईलच कसं? ओळी मोजल्या. फायलीत जितक्या तितक्याच टेबलात. पुन्हा मोजल्या. तितक्याच.

लॅपटॉप घेऊन दादांच्या मेडिकलवर गेले. म्हणाले, बी निगेटिव्ह, वाशी तालुका, दाखव. दाखवले. दादांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. इतकी वर्षं काय करत होतो मी, म्हणाले. घरी येताना उगीचच बाजारातून लांबून आले.

९ नोव्हेंबर

एक गोष्ट कळत नाही.

निगेटिव्ह रक्ताची माणसं शंभरात पाच-सहा असतात, असं जिथं तिथं लिहिलंय. आपल्या टेबलात शंभरात वीस-बावीस येतायत. भूमच्या बाजूला तर त्याहून जास्त. दादांना विचारलं. ते म्हणाले, आपल्या भागात असतील, नात्यातली लग्नं लई होतात. असं असतं का? मला माहीत नाही. त्यांनाही माहीत नसावं. पण ते मेडिकलवाले आहेत म्हणून मी गप्प बसले.

१० नोव्हेंबर

पुन्हा बघितलं. ओळी जुळतात. एकही चूक दाखवत नाही. तक्रार नाही म्हणजे बरोबर आहे, असंच ना?

११ नोव्हेंबर

तक्रार करणाऱ्या अटी तर मीच काढून ठेवल्या होत्या. पण परत घातल्या तेव्हाही टेबल काही बोललं नाही. निगेटिव्ह हा चालणाराच शब्द आहे, ते कशाला बोलेल?

दादांना आज सांगायला गेले तर दुकानात गर्दी. सांगितलं नाही. उद्या.

१३ नोव्हेंबर

आधी कसं झालं ते नीट लिहिते.

सकाळी दादांचा फोन. वाशी तालुक्यातली इरम्मा नावाची बाई, पहिलं बाळंतपण, बाळ चांगलं आहे पण रक्त थांबत नाही. धाराशिवला हलवलंय. ओ निगेटिव्ह. तिथल्या रक्तपेढीत एक पिशवी होती ती लावली, आणखी पाहिजे. दादा म्हणाले, तुझं टेबल उघड.

उघडलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत नावांची रांग. मनात आलं, बघा, यासाठी केलं होतं! मी फोन लावत गेले. पहिले दोन उचललेच नाहीत. मग भूममधलेच तिघे तयार झाले. एकानं दुकानाचं शटर ओढलं, एक शेतातून तसाच आला, चिखलाच्या पायांनी. दादांनी स्वतःची गाडी काढली आणि तिघांना घेऊन निघाले. भूमहून धाराशिव म्हणजे काही जवळ नाही.

मी घरात येरझाऱ्या घालत होते. फोन आला तो दादांचा नाही, अनोळखी नंबर. इरम्माचा नवरा, सोमलिंग. दादांनी माझा नंबर दिला असावा. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. म्हणाला, "ताई, मानसं आली. रक्त न्हाय आलं."

तिघेही पॉझिटिव्ह निघाले. तिघेही!

मग त्याच फोनवर दादा बोलले. तपासणारा माणूस विचारत होता म्हणे, ही यादी कुणी दिली. दादांनी माझं नाव सांगितलं नाही. ते त्यांच्या बोलण्यावरून कळलं.

आता कुणावर विश्वास ठेवायचा? रांगेत नावं भरपूर होती आणि त्यातलं खरं कुठलं ते मला कळत नव्हतं. भूमच्या फायलीत काहीतरी घोळ आहे एवढंच दिसत होतं. म्हणून भूम सोडलं. ढोकीला कारखान्याच्या बाजूला झालेल्या शिबिराची फाईल वेगळ्या माणसानं केलेली होती. त्यात ओ निगेटिव्ह अगदी एक-दोनच. ढोकीहून धाराशिव जवळ. पहिलं नाव शंभू, वय पंचवीस. लावला.

एका बाईंनी उचलला. म्हटलं, शंभू आहेत का? पलीकडं शांत. मला वाटलं फोन कट झाला.

"कोन बोलतंय?"

मी भराभरा सांगितलं – भूमहून, रक्तदानाचं मंडळ, बाळंतीण आहे, शंभूंचा गट जुळतो.

"शंभू न्हाय आता," त्या म्हणाल्या. "दोन सालं झाली. उसाच्या ट्रॅक्टरला मागनं धडकला. ट्रालीला लाईट नव्हती. म्या त्याची आई."

चुकून लागला, माफ करा, असलं काहीतरी पुटपुटले आणि ठेवायला निघाले.

"ठिवू नगं," त्या म्हणाल्या. "बाळतीन हाय म्हनलीस न्हवं? त्येचं जे रगत व्हतं, ते आमच्यात आनिक कुनाचं आसंल का?"

म्हटलं, असू शकतं. भावाबहिणीत असू शकतं. आईचंही. पण नक्की नाही. आता काहीच नक्की नाही, हेही तोंडून निघून गेलं.

"पोरगी हाय घरात. शिवकन्या. दोघी बी येतो. दवाखान्याचं नाव सांग."

मी सांगितलं. मथुराबाई त्यांचं नाव, तेही शेवटी विचारलं. काळीपिवळीत बसून मायलेकी धाराशिवला गेल्या. मथुराबाईंच्या अंगात रक्तच कमी निघालं, त्यांना परत बसवलं. शिवकन्या ओ निगेटिव्ह.

तिनं दिलं. तपासून, जुळवून ते इरम्माला लागलं. तोवर सोलापूरहून आणखी एक पिशवी निघाली होती.

आत्ता दादांचा मेसेज आला. रक्त थांबलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत झालं.

जेवताना आण्णांनी स्वतःच्या ताटातली भाकरी मोडून माझ्या ताटात ठेवली.

१४ नोव्हेंबर

कळलं काय झालं. कळलं तर आणखीच कसंतरी झालं.

भूमच्या फायली ज्यानं केल्या तो नीटनेटका माणूस. त्यानं लिहिलं होतं – ओ, मग एक आडवी रेघ, मग पॉझिटिव्ह. ती रेघ नुसती मधली रेघ! दोन शब्दांमध्ये आपण मारतो तशी. मी आत्ता वरच्या ओळीत मारली तशी! माझ्या युक्तीनं तिला वजा समजलं आणि पुढचा शब्द वाचलाच नाही. त्याच्या फायलीतला जो जो पॉझिटिव्ह, तो निगेटिव्ह होऊन आत गेला. एका घोटात.

हळू भरत असते तर दिसलं असतं का? तेही नाही. एकेक करून तेवढंच चुकीचं गेलं असतं. मग चूक वेगाची नाही. चूक ही की आत जाण्याआधीच मी मूळचं पुसून टाकलं. टेबलात बघायला काही उरलंच नव्हतं, नुसतं माझं मत उरलं होतं.

पण मला नवव्या तारखेलाच विचित्र वाटलं होतं. मग थांबले का नाही? याचं उत्तर वाचून मिळत नाही.

१५ नोव्हेंबर

दादांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं काम काढून घेतील. त्यांनी ऐकून घेतलं, औषधांची पेटी फोडत राहिले. मग म्हणाले, ते तिघं आज दुकानावर आले होते, आमचे खरे गट लिहून घ्या म्हणत होते. "त्यांना राग न्हाय. तू पुन्हा भर. ह्या वेळी मला घाई न्हाय."

१७ नोव्हेंबर

आता दोन टेबलं. पहिलं कच्चं. त्यात फाईल जशी आहे तशी, एका दमात, रेघेसकट, शून्यासकट, चिन्हांच्या रांगेसकट. काही दुरुस्त करायचं नाही. मग त्यातून बघून बघून, ताडून, पक्क्या टेबलात न्यायचं. जे कळत नाही ते कच्च्यातच राहू द्यायचं. कळत नाही असं लिहिता येतं हे मला आधी सुचलंच नव्हतं.

भरायला अजूनही घोटभर वेळ लागतो. बघायला मात्र आठवडा जाणार.

निगेटिव्ह शंभरात पाच झाले.

१९ नोव्हेंबर

ढोकीला जाऊन आले. शंभूच्या नावाचं काय करायचं ते फोनवर विचारवेना.

मथुराबाई धुणं वाळत घालत होत्या. बारीक चणीच्या, आवाज मात्र फोनवर वाटला होता त्याहून मोठा. मी कोण ते सांगितल्यावर आधी पाणी दिलं, मग गूळ-शेंगदाणे. शिवकन्या कॉलेजातून यायची होती. मी सांगितलं, शंभूचं नाव काढून टाकते, परत कुणी असा फोन करायला नको. त्यांनी हातातले चिमटे कमरेला खोचले.

त्याचा फोन त्या रोज चार्ज करतात. कंपन्यांचे फोन येतात, चुकीचे नंबर येतात. पण शंभू आहे का म्हणून कुणी विचारलेलं पुष्कळ दिवसांत ऐकलं नव्हतं, म्हणाल्या. मी त्या दिवशी विचारलं तेव्हा क्षणभर असं वाटलं की तो रानातच आहे, हाक मारायची नि सांगायचं, तुला फोन आलाय.

मला रडायला यायला लागलं. त्यांना नाही आलं. म्हणाल्या, "काढ त्येचं नाव. मेलेल्याला बोलवून कुनाचं भागतंय? पोरीचं घाल. तिचं भागलं न्हवं का."

परत येताना एसटीत सारखं वाटत होतं, मी धीर द्यायला गेले होते की घ्यायला.

२१ नोव्हेंबर

शिवकन्येचं नाव घातलं. एकच ओळ. एका ओळीसाठी मोठी आज्ञा लागत नाही. हातानं टाईप केली.

२३ नोव्हेंबर

मंडळानं शिवकन्येचा सत्कार केला, धाराशिवला. इरम्माला घरी सोडलं, म्हणून त्याच दिवशी. सोमलिंग बाळाला घेऊन आला होता. बाळाला टोपडं एवढं मोठं की नाकापर्यंत खाली. इरम्मा अजून फिकी आहे पण चालत गाडीपर्यंत गेली. जाताना शिवकन्येचा हात धरून उभी राहिली. शेवटी इरम्मानं तिला कॉलेज कुठलं ते विचारलं.

दादांनी बॅनर केलं होतं. शिवकन्येचा फोटो, गाव, आणि खाली ठळक अक्षरात ओ निगेटिव्ह. तो फोटो सगळ्या ग्रुपवर गेला. मीही पुढं पाठवला. आण्णांनी दुकानातल्या भिंतीवर लावायला प्रिंट मागितली! म्हणाले, आता कळलं तू काय करतेस ते.

पक्कं टेबल पूर्ण झालं. रोज मोजते, रोज जुळतं. पहिल्यांदाच असं वाटतंय की मला समजलं.

२६ नोव्हेंबर

मथुराबाईंचा फोन आला. शिवकन्येचं लग्न ठरलं होतं, कळंबकडं. मला माहीतच नव्हतं. आज मोडलं. सत्काराचा फोटो फिरत फिरत त्यांच्या ग्रुपवर गेला, आणि कुणीतरी मुलाच्या आईला सांगितलं, निगेटिव्ह बाईचं दुसरं मूल जगत नाही. एक इंजेक्शन असतं, ते वेळेवर घेतलं की काही अडत नाही. धाराशिवच्या डॉक्टरीणबाईंनी स्वतः त्यांना फोन करून सांगितलं. तरी नाही.

मला वाटलं, पोरीचं नाव काढ म्हणतील. मी वाटच बघत होते.

"डाक्टरीन म्हनली, नवऱ्याचं बी निगेटिव्ह आसलं तर त्ये इंजेक्शन बी लागत न्हाय," त्या म्हणाल्या. "तुज्याकडं त्या यादीत निगेटिव्ह पोरांची वयं हायती का गं?"

वयं आहेत. पण लोकांनी ती रक्तासाठी दिली, म्हणून मी अजून उत्तर दिलेलं नाही.